धोक्यात आलेले ऐतिहासिक चर्च कसे वाचवावे : पहिल्या ताडपत्रीपासून देखभालीच्या नोंदवहीपर्यंत

जुन्या गोव्यातील सेंट ऑगस्टीन चर्चचा आज एक मनोरा तेवढा उभा आहे, आणि तोही अर्धाच. पोर्तुगीज सरकारने धार्मिक संघांना बाहेर काढल्यामुळे १८३५ मध्ये हे चर्च ओस पडले, १८४२ मध्ये त्याचे कमानदार छत कोसळले आणि १९३१ मध्ये दर्शनी भिंत व मनोऱ्याचा अर्धा भाग खाली आला. या तीन सालांमधले अंतर नीट पाहावे. भिंती व मनोरा पडायला शंभराच्या आसपास वर्षे लागली. छताला मात्र माणसे गेल्यानंतर सात वर्षे पुरली. जगातील बहुतेक ओस चर्चचा ऱ्हास याच क्रमाने होतो. आधी देखभाल करणारा हात जातो, मग पन्हळ तुंबते, मग भिंतीच्या माथ्यात पाणी मुरते, तुळयांची टोके कुजतात, छत जाते, आणि उघड्या पडलेल्या भिंती पुढे सावकाश फुटत राहतात.

वाचवण्याचे कामही याच क्रमाकडे पाहून आखावे लागते. आधी पाणी, मग कागदपत्रे, मग माणसे आणि पैसा, त्यानंतर दगड-चुना-लाकूड आणि देखणेपण अगदी शेवटी. उत्साही मंडळी बहुतेक वेळा नेमके उलटे करतात. जमलेल्या पहिल्या निधीतून दर्शनी भाग रंगवला जातो, कारण तो लोकांना दिसतो, आणि छतावरची फुटकी पन्हळ तशीच राहते, कारण ती कोणालाच दिसत नाही. पुढे जे काही लिहिले आहे ते हा उलटा क्रम टाळण्यासाठी आहे.

पहिले काही आठवडे : पाणी अडवणे आणि माणसे दूर ठेवणे

वास्तू धोक्यात आहे हे कळल्यावर पहिली भेट पावसात द्यावी. कोरड्या दिवशी इमारत फसवते. छत्री घेऊन चर्चभोवती सावकाश फेरी मारावी आणि पाणी कुठून कसे उतरते ते पाहावे: कोणत्या पन्हळीतून ते ओसंडते, कोणता उभा नळ मध्येच फुटून भिंतीवर धार सोडतो, जमिनीवर पडलेले पाणी बाहेर वाहून जाते की जोत्यालगत साचते. मग आत जाऊन त्याच जागांच्या मागच्या बाजूला हात लावावा. बाहेर फुटलेला नळ आणि आत गळून पडलेला गिलावा यांची जोडी लागली की निम्मे निदान झाले असे समजायला हरकत नाही. भिंतीवर हिरवे शेवाळ उभ्या पट्ट्यात चढलेले दिसले, तर ती पट्टी वर कुठे सुरू होते ते शोधावे. दोष तिथे असतो.

तात्पुरता उपाय करताना ताडपत्रीवर फार भरवसा ठेवू नये. वाऱ्याने ती फडफडते, कडांनी कौले उचकटते आणि घट्ट बांधली तर आतली ओल कोंडून लाकूड आणखी लवकर कुजते. काही आठवड्यांसाठी ती चालेल, पण एखाद्या वर्षाचा प्रश्न असेल तर परांचीच्या नळ्यांवर उभारलेले, हवा खेळती ठेवणारे पन्हाळी पत्र्यांचे तात्पुरते छत अंती स्वस्त पडते. पन्हळी आणि उभे नळ साफ करणे हे तर पहिल्या दिवसाचे काम आहे. पन्हळीत रुजलेले झाड मात्र उपटू नये. त्याची मुळे भिंतीच्या सांध्यांत शिरलेली असतात आणि ओढताना दगडासकट बाहेर येतात. ते बुंध्याशी कापून, मुळे मारून, वाळल्यावर हळूहळू काढावे.

याच काळात आणखी तीन गोष्टी उरकाव्यात. धोकादायक भागाखाली कुंपण घालून माणसांची ये-जा बंद करावी आणि फुगलेली भिंत किंवा निखळू पाहणारी कमान यांना संरचना अभियंत्याच्या सल्ल्याने टेकू द्यावेत. जुनी वीजजोडणी तोडून टाकावी. उंदरांनी कुरतडलेल्या तारा आणि वाळलेले लाकूड यांचा शेजार फार दिवस सुखाचा राहत नाही. चोरीला जाऊ शकेल अशा प्रत्येक वस्तूची, म्हणजे घंटा, मूर्ती, दिवे, वेदीवरचे रुपे, छतावरचे शिसे यांची, मोजमापांसह छायाचित्रे काढून यादी करावी. ओस चर्चवर चोरांचे लक्ष असतेच, आणि यादी नसेल तर सापडलेली वस्तू आपली आहे हे सिद्धही करता येत नाही.

पडलेले दगड, लाकडाचे तुकडे, गिलाव्याचे पापुद्रे कचरा म्हणून उचलू नयेत. कुठे सापडले त्याची खूण करून, क्रमांक घालून, कोरड्या जागी ठेवावेत. जर्मनीतील ड्रेस्डेन शहराचे फ्राउएनकिर्शे हे चर्च १९४५ च्या फेब्रुवारीत बाँबहल्ल्यानंतरच्या आगीत तापून कोसळले आणि त्याचा ढीग अनेक दशके तसाच पडून राहिला. १९९० च्या दशकात तो ढीग उपसताना दगड मोजून, नोंदून, मूळ जागा ठरवून वेगळे काढले गेले, आणि २००५ मध्ये पुन्हा पवित्र केलेल्या त्या चर्चच्या भिंतीत हे जुने काळवंडलेले दगड आज नव्या फिकट दगडांमधून स्पष्ट ओळखू येतात. तो ढिगारा वेळीच भरावासाठी नेला असता, तर हे शक्य झाले नसते.

मालक कोण, आणि पाडण्याचा अधिकार कोणाकडे

या प्रश्नाचे उत्तर लोक गृहीत धरतात आणि तिथेच वर्ष-दोन वर्षे वाया जातात. चर्च धर्मप्रांताचे, म्हणजे बिशपच्या अखत्यारीतल्या प्रदेशाचे, असू शकते, स्थानिक मंडळीच्या विश्वस्तांचे असू शकते, एखाद्या धार्मिक संघाचे किंवा सरकारचेही असू शकते. फ्रान्समध्ये १९०५ च्या कायद्यामुळे त्याआधीची बहुतेक गावचर्चे गावाच्या पालिकेच्या मालकीची आहेत. तिथे धर्मगुरूला विनंती करून भागत नाही, नगराध्यक्षाला गाठावे लागते. म्हणून जमिनीचा उतारा, विश्वस्तपत्र आणि धर्मप्रांताच्या दप्तरातील नोंदी या तिन्ही ठिकाणी नाव तपासावे. इमारत एकाची, जमीन दुसऱ्याची आणि दफनभूमी तिसऱ्याची असेही निघते.

दुसरा प्रश्न असा की चर्च अजून उपासनेसाठी वाहिलेले आहे का. कॅथलिक धर्मविधीसंहितेच्या १२२२ व्या नियमानुसार जे चर्च उपासनेसाठी कोणत्याही प्रकारे वापरता येत नाही आणि दुरुस्त करणेही शक्य नाही, ते बिशप लौकिक, पण हीन नसलेल्या वापरासाठी मोकळे करू शकतात; इतर गंभीर कारणे असतील तर त्यांना धर्मगुरूंच्या मंडळाचे मत ऐकावे लागते. हा निर्णय झाला आहे की व्हायचा आहे, यावर तुमचे सगळे डावपेच ठरतात. निर्णय व्हायचा असेल तर दुरुस्ती शक्य आहे हे दाखवणारा अभियंत्याचा अहवाल हा तुमच्या हातातला सर्वांत भक्कम कागद असतो, आणि तो भावनेने भरलेल्या सह्यांच्या निवेदनापेक्षा जास्त काम करतो.

तिसरी गोष्ट म्हणजे कायदेशीर संरक्षण. आपल्या देशात किंवा प्रदेशात वारसा-यादीत नाव घालण्याचा अर्ज कोण करू शकतो, यादीत आल्यावर पाडकामाला कोणाची परवानगी लागते आणि अर्ज विचाराधीन असताना तात्पुरते संरक्षण मिळते का, हे वकिलाकडून लेखी घ्यावे. पाडकामाची परवानगी आधीच दिलेली असेल तर तिची मुदत आणि हरकतीची मुदत या दोन तारखा भिंतीवर लिहून ठेवाव्यात.

मालक शत्रू आहे असे समजून सुरुवात करू नये, असे माझे मत आहे. घटलेली उपासक-संख्या, वाढत जाणारा विमा आणि पडणाऱ्या दगडाची जबाबदारी यांनी तोही गांजलेला असतो. ‘ही जबाबदारी आम्ही ठरावीक वर्षांसाठी उचलतो, मालकी तुमचीच राहू द्या’ असा दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याचा प्रस्ताव पुष्कळदा न्यायालयापेक्षा लवकर दार उघडतो.

मंडळ

इंग्लंडमध्ये १९५७ साली ‘फ्रेंड्स ऑफ फ्रेंडलेस चर्चेस’ ही संस्था मोजक्या माणसांनी सुरू केली, आणि १९६९ मध्ये ओस पडलेल्या चर्चसाठी निधी म्हणून स्थापन झालेल्या, आज ‘चर्चेस कॉन्झर्वेशन ट्रस्ट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेकडे साडेतीनशेहून अधिक चर्च आहेत. म्हणजे हे काम होऊ शकते; पण ते नोंदणीकृत संस्थेकडून होते, समाजमाध्यमावरच्या गटाकडून नाही.

संस्थेत श्रद्धाळू माणसे हवीत तशीच चर्चमध्ये कधी पाऊल न ठेवलेली पण वास्तूवर जीव असलेली माणसेही हवीत. हिशेब ठेवणारा आणि खर्चाला मंजुरी देणारा एकच माणूस नसावा. एक वकील, एक अभियंता आणि रोज सकाळी चर्चवरून जाणारा एक शेजारी एवढे मिळाले तरी निम्मी समिती झाली. या तिघांत शेजारी सर्वांत महत्त्वाचा, कारण रात्री पडलेला दगड आणि उघडे राहिलेले दार त्यालाच दिसते.

नोंद : दुरुस्तीच्या आधीचे चित्र

एकही दगड हलवण्यापूर्वी वास्तू कागदावर आणि संगणकात उतरवावी. मोजमापांचे नकाशे हवेतच. त्याशिवाय प्रत्येक भिंतीची समोरून, एकमेकांवर किमान साठ टक्के चढणारी छायाचित्रे काढली तर त्यांच्यापासून त्रिमितीय प्रतिमा तयार करता येते आणि त्याला साधा चांगला कॅमेराही पुरतो. पॅरिसच्या नोत्र-दामला १५ एप्रिल २०१९ रोजी आग लागली, त्याच्या काही वर्षे आधी अँड्र्यू टॅलन या कला-इतिहासकाराने त्या वास्तूचे लेझरने तपशीलवार मोजमाप करून ठेवले होते. ते त्याने अभ्यासासाठी केले होते. आगीनंतर तेच मोजमाप पुनर्बांधणीसाठी उपयोगी पडले.

जुने पुरावेही शोधावेत: बाप्तिस्मा आणि विवाहाच्या नोंदवह्या, बांधकामाचे हिशेब, प्रवाशांनी काढलेली चित्रे आणि जुन्या लग्नांची छायाचित्रे. लग्नाच्या छायाचित्रात वधू-वरांकडे कोणी पाहू नये. त्यांच्या मागे वेदीची मूळ जाळी, खिडकीतली काच आणि भिंतीवरची नक्षी दिसते. हिशेबाच्या वहीत ‘मनोऱ्याला लोखंडी पट्टे’ अशी एक ओळ सापडली तर आजची तड त्या काळीही होती हे कळते.

पाहणी : तड कधीची, ओल कुठली

तड पाहून घाबरू नये आणि ती लगेच बुजवूही नये. तडीच्या कडा मळलेल्या असतील, आत कोळ्याची जाळी किंवा जुन्या रंगाचा थर असेल तर ती जुनी आहे. कडा तीक्ष्ण आणि स्वच्छ असतील तर ती अलीकडची. वर रुंद आणि खाली अरुंद तड बहुधा भिंतीचे टोक खचत असल्याचे सांगते. खाली रुंद असेल तर मधला भाग बसत असण्याची शक्यता जास्त. परंतु निर्णय मोजमापावरच घ्यावा. तडीच्या दोन्ही बाजूंना मापक पट्टी बसवून किंवा पितळी खुणा रोवून महिन्यातून एकदा अंतर मोजावे, आणि हे किमान एक पूर्ण वर्ष करावे, म्हणजे सगळे ऋतू त्यात येतात. उन्हाळ्यात रुंदावून पावसाळ्यात पूर्वपदावर येणारी तड आणि दर महिन्याला थोडी थोडी पुढेच सरकणारी तड यांत फरक आहे. पहिलीसोबत जगता येते. दुसरीचे कारण शोधावे लागते.

कारण पुष्कळदा जमिनीत असते. इंग्लंडमधील विंचेस्टर कॅथेड्रल विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भेगाळून कलू लागले, तेव्हा खोदकामात दिसले की पायाखाली कुजकट, पाण्याने भरलेला मातीचा थर आहे. पाणी उपसले तर माती सरकून इमारतच ढासळण्याची भीती होती. म्हणून विल्यम वॉकर नावाच्या पाणबुड्याने १९०६ ते १९११ अशी पाच-सहा वर्षे, काळ्या गढूळ पाण्यात नुसत्या हाताच्या स्पर्शाने चाचपडत, पायाखाली काँक्रीटच्या पोत्यांची भर घातली. हे उदाहरण देण्याचे कारण पाणबुड्याचे शौर्य हे नाही. पायालगतच्या पाण्याची पातळी सल्ल्याशिवाय बदलू नये, हे त्यातून घ्यायचे आहे. लाकडी खुंटांवर उभ्या असलेल्या वास्तूंना तर पाणी उतरणे जास्त घातक ठरते, कारण पाण्यात बुडालेले लाकूड शतके टिकते आणि हवा लागली की कुजू लागते.

कमानदार छताच्या वरच्या बाजूला चढून पाहणे अनेक पाहणी-अहवालांत राहून जाते. शतकानुशतके कौले बदलताना पडलेला राडारोडा कमानींच्या खांद्यांवर साचत जातो. इटलीतील असिसीच्या सेंट फ्रान्सिस बासिलिकेचे छत २६ सप्टेंबर १९९७ च्या भूकंपात कोसळून चार माणसे गेली, आणि कमानींवर साचलेला असा भराव हे त्यामागचे एक प्रमुख कारण मानले गेले. हा राडारोडा काढावाच. पण एका बाजूचा सगळा आधी आणि दुसऱ्या बाजूचा नंतर, असे करू नये. कमान दोन्ही बाजूंच्या भारावर तोललेली असते, त्यामुळे दोन्हीकडून थोडाथोडा, अभियंत्याच्या देखरेखीखाली काढावा, आणि त्यात मूळ बांधकामाचा भराव कोणता व नंतरचा कचरा कोणता हे आधी ठरवून घ्यावे.

किती दुरुस्त करायचे

एकोणिसाव्या शतकात युरोपात चर्च ‘मूळ रूपात’ आणण्याची लाट आली आणि तिच्यात गिलावे खरवडले गेले, नंतरच्या काळातल्या वेदी फेकल्या गेल्या, कधी नसलेली शिखरे उभी राहिली. इंग्लंडमधील टुकस्बरी ॲबी या जुन्या चर्चच्या अशाच एका बेताला विरोध करताना विल्यम मॉरिस या लेखक-कलावंताने १८७७ मध्ये प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी संस्था काढली, आणि त्या संस्थेचा आग्रह जीर्णोद्धारापेक्षा रोजच्या देखभालीवर होता. पुढे वास्तू-जतनाविषयीच्या १९६४ च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेने दोन नियम घालून दिले, जे आजही कामाचे आहेत: जिथे अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे, आणि नव्याने घातलेला भाग जुन्याशी मेळ साधणारा पण नीट पाहिल्यास वेगळा ओळखू येणारा असला पाहिजे.

प्रत्यक्षात याचा अर्थ असा की झिजलेला प्रत्येक दगड बदलायचा नसतो. जो दगड भार पेलतो आहे आणि पाणी अडवतो आहे, त्याचा चेहरा झिजला असला तरी तो राहू द्यावा. बदलायचाच असेल तर त्याच खाणीचा किंवा त्याच जातीचा, तितकाच सच्छिद्र दगड घ्यावा, आणि थर खाणीत जसे आडवे होते तसेच भिंतीत ठेवावेत. उभे ठेवलेले थर पापुद्र्यांसारखे सुटतात. गिलावा खरवडून आतला दगड ‘मोकळा’ करण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. जुन्या गोव्यातील बॉम जेझूस बासिलिकेचा बाहेरचा गिलावा १९५० च्या दशकात काढून टाकला गेला. तेव्हापासून तिथला जांभा पावसाला उघडा आहे, आणि ज्या लालसर रूपाला आज लोक तिचे मूळ रूप समजतात ते बांधणाऱ्यांनी कधी पाहिलेच नव्हते. गिलावा म्हणजे भिंतीची सजावट नसून तिचा अंगरखा आहे.

चुना की सिमेंट

सर्वांत जास्त हानी सद्‌हेतूने वापरलेल्या सिमेंटमुळे झाली आहे, असे मी विचारपूर्वक म्हणतो. जुनी भिंत श्वास घेते, म्हणजे तिच्यात शिरलेले पाणी दगडांमधल्या चुन्याच्या सांध्यांतून वाफ होऊन बाहेर पडते. चुना दगडापेक्षा मऊ आणि सच्छिद्र असल्यामुळे ओल, क्षार आणि थोडीफार हालचाल तो स्वतःवर घेतो व झिजतो. पन्नास-शंभर वर्षांनी सांधे पुन्हा भरायचे, दगड शाबूत राहतो. सिमेंटने सांधे भरले की हा मार्ग बंद होतो, पाणी दगडातून बाहेर पडू लागते आणि सोबत आणलेले क्षार दगडाच्या पृष्ठभागाखाली स्फटिक होऊन फुगतात. अशी भिंत जवळून पाहिली तर सिमेंटच्या दर्जा, म्हणजे दगडांमधले भरलेले सांधे, राखाडी चौकटींसारख्या पुढे आलेल्या दिसतात आणि त्यांच्यामधला दगड बशीसारखा खोल गेलेला असतो. बोट फिरवले की त्यातून भुकटी झडते. लोणा लागला म्हणतात तो हाच.

ते सिमेंट काढताना यंत्राची तबकडी वापरू नये. ती दगडाच्या कडा कापते. अरुंद छिन्नीने, आधी एका छोट्या भागात प्रयोग करून, जिथे सिमेंट सहज सुटते तिथेच ते काढावे. दगडाला घट्ट चिकटून बसलेले सिमेंट काढताना दगडच फुटणार असेल तर ते झिजेपर्यंत राहू देणे बरे.

चुन्याचे काम संयमाचे आहे. चुनखडी सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजली की कार्बन डायऑक्साइड निघून जाऊन कळीचा चुना उरतो. तो पाण्यात विरवला की उष्णता सोडत फुटतो. आणि भिंतीत गेल्यावर हवेतला तोच कार्बन डायऑक्साइड शोषून महिनोन्महिने पुन्हा दगड होत जातो. म्हणून विरवलेला चुना काही महिने पाण्याखाली मुरवावा, एक भाग चुना व सुमारे तीन भाग स्वच्छ, कमी-जास्त जाडीची, टोकदार कणांची वाळू असे मिश्रण करावे, आणि मूळ चुन्याचा नमुना तपासून गरज असेल तर सुरखी म्हणजे विटांची भुकटी किंवा पाण्यात घट्ट होणारा नैसर्गिक चुना घालावा. दर्जा भरण्यापूर्वी सांधा त्याच्या रुंदीच्या किमान दुप्पट खोल मोकळा करून, धुऊन, भिजवून घ्यावा. कोरड्या दगडावर चुना घातला तर दगड त्याचे पाणी ओढून घेतो आणि चुना भुकटी होतो. भरल्यावर ओले गोणपाट टांगून कित्येक दिवस तो ओलसर ठेवावा. कडक ऊन, गोठवणारी थंडी आणि मुसळधार पाऊस यांत हे काम करू नये. गवंडी ‘चालतंय’ म्हणाला तरी करू नये.

छत आणि लाकूड

तुळयांचा मधला भाग सहसा ठीक असतो. कुजतात ती भिंतीत रुतलेली टोके. ती पाहण्यासाठी भिंतीच्या माथ्यावरचा राडा हाताने काढून टोचणीने लाकूड तपासावे, आणि ओलीचे प्रमाण मापकाने घ्यावे. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या खाली राहिली तर बुरशीला सहसा जम बसवता येत नाही. त्यामुळे औषधाची फवारणी हा पहिला उपाय नसून गळती बंद करून हवा खेळती ठेवणे हा पहिला उपाय आहे. भुंग्याची भोके दिसली तरी त्यांतून ताजी भुकटी पडते आहे का ते पाहावे. जुनी, रिकामी भोके म्हणजे संपलेला आजार.

कुजलेले टोक तेवढेच कापून, त्याच जातीच्या लाकडाचा तुकडा सांध्याने जोडता येतो. अख्खी तुळई बदलण्याची गरज क्वचित पडते. रशियातील किझी बेटावरच्या १७१४ च्या लाकडी चर्चचे काम तर याहून धाडसी होते. बावीस घुमटांची ती वास्तू थरांमध्ये विभागून, वरचे थर उचलून धरून, खालचे ओंडके काढून दुरुस्त करण्यात आले आणि जे टिकाऊ होते ते परत त्याच जागी बसवले गेले.

जुन्या छताऐवजी काँक्रीटचा भक्कम स्लॅब टाकण्याचा सल्ला देणारे अभियंते भेटतील. चुन्याच्या भिंती त्या जड आणि ताठ ओझ्यासाठी बांधलेल्या नसतात, आणि भूकंपात ते ओझे भिंतींना बाहेर ढकलते. ज्याने जुन्या दगडी वास्तूवर आधी काम केले आहे अशाच अभियंत्याकडे जावे, मग तो दूरचा असला तरी चालेल.

एक इशारा विसरू नये. जीर्णोद्धार सुरू असतानाच पुष्कळ ऐतिहासिक वास्तू जळाल्या आहेत. छतावर वेल्डिंग, डांबर वितळवणे, ज्योतीने रंग काढणे यांना शक्य तो बंदीच असावी. टाळताच येत नसेल तर काम संपल्यावर किमान तासभर एक माणूस पाण्यासह तिथे बसवावा. छतात वटवाघळे किंवा घुबडे राहत असतील तर अनेक देशांत त्यांना कायद्याचे संरक्षण आहे, तेव्हा कामाचा हंगाम त्यांच्या विणीच्या काळानुसार ठरवावा लागतो.

काच, चित्रे, घंटा

यांच्याबाबतीत हौशी हातांनी काहीच करू नये, एवढाच सल्ला. रंगीत काचेचे शिसे वाकले असेल तर बाहेरून जाळी लावून ती सुरक्षित करावी आणि तज्ज्ञाची वाट पाहावी. भिंतीवरच्या चुन्याच्या थरांखाली जुनी चित्रे असू शकतात. म्हणून आतून रंग देण्यापूर्वी दोन-तीन जागी थर उलगडून पाहून घ्यावेत. मनोरा तपासून होईपर्यंत घंटा वाजवू नये.

पैसा आणि टप्पे

कामाची विभागणी तातडीचे, पुढच्या दोन वर्षांतले आणि नंतर कधीही करता येण्याजोगे अशी करावी, आणि प्रत्येक टप्पा असा आखावा की पुढचा निधी आला नाही तरी झालेले काम उघड्यावर पडणार नाही. अर्धे छत उतरवून निधीची वाट पाहणे हे अनेक प्रकल्पांचे मरण ठरले आहे. अंदाजपत्रकात अनपेक्षित खर्चासाठी १५ ते २० टक्के राखून ठेवावेत, कारण गिलाव्यामागे काय आहे हे गिलावा काढल्याशिवाय कळत नाही. देणगीदाराला ‘जीर्णोद्धारासाठी’ पैसे मागण्याऐवजी ‘उत्तरेकडच्या पन्हळीसाठी’ मागितले तर ते लवकर मिळतात, असा अनुभव आहे. नेमक्या गोष्टीवर माणसाचा विश्वास बसतो.

पुढचा वापर

दुरुस्त होऊन पुन्हा कुलूप लागलेले चर्च दहा वर्षांत पहिल्या जागी येते. म्हणून वापराचा विचार पाहणीबरोबरच सुरू करावा. महिन्यातून काही वेळा उपासना आणि इतर वेळी संगीत, वाचनालय, सभा असा मिश्र वापर सर्वांत कमी बदल मागतो. नेदरलँड्समधील मास्त्रिख्त शहरात तेराव्या शतकातील डोमिनिकन चर्चमध्ये पुस्तकांचे दुकान आहे, आणि त्यासाठी आत उभारलेल्या बहुमजली पोलादी मांडण्या भिंतींपासून सुट्या ठेवलेल्या आहेत. उद्या दुकान उठले तर चर्च जसेच्या तसे राहील. नव्या कामाची कसोटी हीच ठेवावी: स्वच्छतागृह, स्वयंपाकघर, वायरिंग यांतले काहीही काढून घेतल्यावर जुन्या भिंतीवर किती व्रण राहतील? थंड प्रदेशात एक काळजी आणखी घ्यावी. आठवडाभर गार असलेली वास्तू एका सकाळी जोरात तापवली की ऑर्गन, लाकडी मूर्ती आणि चित्रे तडकतात. सौम्य, स्थिर ऊब बरी.

नोंदवही

इंग्लंडच्या चर्चमध्ये १९५५ पासून दर पाच वर्षांनी वास्तुतज्ज्ञाकडून तपासणी करून घेण्याचा नियम आहे. तो आपल्यावर बंधनकारक नसला तरी पाळावा. त्याच्या मधल्या काळात वर्षातून दोनदा पन्हळी साफ करणे, जोरदार पावसानंतर आतून एक फेरी मारणे, तडीच्या खुणा मोजणे आणि भिंतीलगत माती चढली असेल तर ती खाली उतरवणे एवढे पुरते. प्रत्येक वेळी तारीख, काय पाहिले, काय केले आणि कोणत्या मिश्रणाने केले हे एका जाड बांधणीच्या वहीत लिहावे. तिच्या पहिल्या पानावर पावसाच्या पाण्याच्या सगळ्या नळांचा नकाशा, मुख्य वीजकळीची जागा आणि छतावर जाणाऱ्या झडपेची किल्ली कुठे टांगली आहे हे असावे. मूळ वही चर्चमध्ये ठेवावी, आणि तिची प्रत दुसऱ्या एखाद्या इमारतीत.